उचलून घेतलं की सवय लागते का?

तान्ह्या बाळांच्या आया माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेकींचा एकच प्रश्न असतो, मॅडम रडलं की लगेच घेतलं तर सवय लागेल ना? अशीच एक आई, बाळ साडेतीन महिन्यांचं. सासूबाई म्हणायच्या रडू दे थोडं, म्हणून ही मन घट्ट करून थांबायची आणि पोराने टाहो फोडला की मात्र धावत जायची.

मी विचारलं, "टाहो फोडायच्या आधी काय करतो तो?"

"कुरकुरतो, पाय झाडतो. कधी नुसताच हुंकार देतो."

"आणि तेव्हा तुम्ही?"

"तेव्हा हातातलं काम उरकून घेते."

"मग कुठल्या आवाजाला आई येते असं तो शिकला असेल?"

ती गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मोठ्याने रडायला मीच शिकवतेय?"

इथे मी घाई करत नाही, कारण हे आईला स्वतःला दिसावं लागतं आणि दिसलं की पुढचं सोपं होतं. दोष तिचा नव्हताच. बाळ शिकतं ते आपल्या कृतीनंतर काय घडतं त्यावरून. कॅरोलिन रोव्ही-कॉलियर ही मानसशास्त्रज्ञ, तिचाही मुलगा तान्हा आणि तिलाही काम उरकायचं होतं, तर तिने पाळण्यावरच्या चिमणाळ्याची रिबन त्याच्या पायाला बांधली. पाय हलवला की खेळणं हलतं हे त्याला कळलं आणि तो मुद्दाम लाथा मारायला लागला! त्यावरचा तिचा अभ्यास 1969 मध्ये छापून आला, त्यातली बाळं जेमतेम अडीच महिन्यांची होती. (घरी दोरीबिरी बांधू नका हं, ते देखरेखीखाली केलेलं.)

म्हणून घ्यायचं की नाही हा प्रश्नच नाही, रडलं तर घ्यायचंच. 1972 मध्ये सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांना दिसलं की ज्या आया सुरुवातीला पटकन प्रतिसाद देत होत्या त्यांची बाळं वर्षाअखेरीस कमी रडत होती. त्यावर पुढे बराच वाद झाला, पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. फक्त रडण्याच्या आधीच्या हुंकारालाही उत्तर द्या, लांबून "ओ, आले हं" म्हटलं, डोळ्यात बघून हसलात तरी चालतं, हुंकाराला दर वेळी उचलायलाच हवं असं नाही.

या आईने तेच केलं, सासूबाईंनाही सोबत घेतलं, आणि काही आठवड्यांनी सांगत आली की आता तो हुंकार देतो आणि वाट बघतो. टाहो कमी झालाय.

रडणं एकदम वेगळं वाटलं, ताप असेल, दूध ओढत नसेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे न्या.