बाग तारण ठेवून वॉशिंग्टनला पाठवावं का?

तासगाव तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा: "मुलगी राज्यशास्त्र घेऊन टी. वाय. बी. ए.ला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. तिला अमेरिकेचं परराष्ट्र धोरण याच विषयात पुढे जायचं आहे. स्पर्धा परीक्षा दे म्हटलं तर नको म्हणते. एका एजंटाने वॉशिंग्टनच्या एम. ए.ची माहिती दिली. आमची अडीच एकर द्राक्षबाग तारण ठेवली तर कर्ज होईल असं तो म्हणतो. या विषयात नोकरी असते का, की नुसतं बोलण्यापुरतं शास्त्र आहे? आम्हाला यातलं काही कळत नाही."

नमस्कार.

बाग तारण ठेवू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन किंवा जॉन्स हॉपकिन्ससारख्या विद्यापीठातलं दोन वर्षांचं एम. ए. फी, राहणं, खाणं धरून कोटीच्या पुढे जातं. एवढा पैसा घातल्यावर तो तिथेच कमवून फेडायचा म्हणून मुलं तिथे नोकरी शोधतात. हा विषय शिकलेल्यांना तिथे सगळ्यात जास्त नोकऱ्या देतं ते अमेरिकन सरकार, आणि त्यांच्या परराष्ट्र खात्यात अधिकारी व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. उरतात अभ्याससंस्था आणि सल्लागार कंपन्या. या पदवीवर शिक्षणानंतर साधारण एक वर्ष काम करता येतं. इंजिनिअरिंग-गणितवाल्यांना वर दोन वर्षं मिळतात, ती इथे सहसा मिळत नाहीत. त्यात २०२५ साली जे झालं ते बघा. जुलैत यूएसएड ही त्यांची परदेशी मदतीची संस्था गुंडाळली आणि उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे दिलं. त्याच महिन्यात त्या खात्याने तेराशेहून जास्त माणसांना नारळ दिला. म्हणजे वकिलातींमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले लोक आज त्याच शहरात अर्ज टाकत फिरताहेत, आणि तुमची मुलगी कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहणार. पुढे सप्टेंबरात एच-वन-बीच्या, म्हणजे तिथे नोकरी करायला लागणाऱ्या व्हिसाच्या, नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ते नेमकं कोणाला लागू आणि कोणाला नाही, यावर सध्या वकिलांची चांगली चालली आहे. एजंटाने यातलं काही सांगितलं नसेल. त्याचं कमिशन प्रवेशावर असतं, नोकरीवर नसतं.

आता तुमचा खरा प्रश्न. "अमेरिकेचं परराष्ट्र धोरण" या नावाची नोकरी भारतात जवळपास कुठे नाही. विद्यापीठात प्राध्यापकी आणि दिल्लीतल्या चार-दोन अभ्याससंस्था सोडल्या तर तशी पाटी कोणी लावत नाही. पण अमेरिकेचा एखादा नियम आपल्याकडच्या एखाद्या मालावर, माणसावर किंवा यंत्रावर येऊन आदळतो, तिथे तो नियम वाचता येणारं माणूस लागतं आणि ते सहजासहजी मिळत नाही.

तुम्ही द्राक्षवाले. युरोपला माल पाठवताना रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट एका आकड्याने वर गेला की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आता आपल्याच हापूसचं बघा. भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार कित्येक वर्षं बंद होतं. कारण कीड, विशेषतः कोयीतला भुंगा. मार्च २००६ मध्ये अध्यक्ष बुश दिल्लीत आले, अणुकरार गाजला, आणि त्याच भेटीत आंब्याचंही ठरलं. बदल्यात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना आपल्याकडे वाट मोकळी करायची होती. पण "ठरलं" म्हणून आंबा विमानात चढला नाही. आधी विकिरण-प्रक्रिया, म्हणजे किरणोत्साराने किडीचा बंदोबस्त, हवी होती, तीही त्यांच्या खात्याने मान्य केलेल्या केंद्रात. ते केंद्र निघालं आपल्या लासलगावात. भाभा अणुसंशोधन केंद्राने मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेलं! एप्रिल २००७ मध्ये हापूस आणि केसरच्या पहिल्या पेट्या गेल्या. तरीही अट राहिलीच: अमेरिकन कृषी खात्याचा निरीक्षक इथे येऊन उभा राहिल्याशिवाय माल निघायचा नाही. कोविडात निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम निर्यात बंद. पुढच्या बोलण्यांत आपला आंबा आणि डाळिंब, त्यांची चेरी आणि अल्फाल्फाचा चारा अशी देवाणघेवाण ठरली, तेव्हा २०२२ ला गाडी पुन्हा सुरू झाली.

मे २०२५ मध्ये तर कहरच झाला. नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. फळात खोट नव्हती. प्रक्रियेच्या प्रमाणपत्रात चूक होती. माल परत न्या किंवा इथेच नष्ट करा, असं सांगितलं गेलं. विमानाने परत आणणं कोणाला परवडणार? नष्टच केला.

परराष्ट्र धोरण म्हटलं की आपल्याला दोन झेंड्यांमध्ये हात मिळवणारे दोन नेते दिसतात. त्याच्यामागे हा सगळा कागद असतो. हा कागद समजणारी माणसं अपेडाला, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेला, लागतात, निर्यातदारांच्या संघटनांना लागतात, औषध आणि वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपन्यांना लागतात, आयातशुल्काचं काम करणाऱ्या वकिलांनाही लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं अमेरिकन शुल्क ५० टक्क्यांवर गेलं तेव्हा मुंबईच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिन्यांच्या निर्यातदारांना "ट्रम्प असे का वागतात" यावर भाषण नको होतं. कोणत्या मालाला सूट आहे आणि वाटेत असलेल्या मालाचं काय, एवढंच हवं होतं.

आणखी एक जागा फारशी कोणाला माहीत नसते. मुंबईतली अमेरिकन वकिलात स्थानिक भारतीय कर्मचारी नेमते, आणि ते फक्त व्हिसाच्या खिडकीवर नसतात. राजकीय घडामोडी, अर्थकारण, व्यापार, शेती या विभागांत आपल्याकडची माहिती गोळा करून तिचा अर्थ लावणारे तज्ज्ञ लागतात. मराठी वर्तमानपत्र झरझर वाचता येणं आणि सहकारी साखर कारखान्याचं राजकारण कळणं ही तिथे जमेची बाजू आहे. जाहिराती त्यांच्या वेबसाइटवर येतात. पदवी घेतल्या-घेतल्या नाही, पण चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर हा रस्ता खरा आहे.

यूपीएससीबद्दल थोडक्यात. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे न्यूयॉर्कमध्ये भारताचे महावाणिज्यदूत होते. तुमच्यापासून ते गाव फार लांब नाही, तेव्हा हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. पण परराष्ट्र सेवेत गेलेला अधिकारी आज अमेरिका, उद्या अंगोला असा फिरतो. तिला एक देश खोलात जाऊन अभ्यासायचा असेल तर तिचं "नको" हे आळसाचं नाही, विचाराचं असू शकतं. एम. ए. होऊ द्या, मग पुन्हा विचारा. आत्ता घरात रोज त्यावरून वाद नको.

आता दोन शब्द लेकीशी.

तुझा विषय चांगला आहे. पण एक विचारते: यूट्यूबवर "ट्रम्पचा मास्टरस्ट्रोक" बघणं आणि हा विषय शिकणं, यातला फरक तुला कळला आहे का? कळला नसेल तर एक कागद उघड. अमेरिकन परराष्ट्र खातं १८६१ पासून स्वतःची जुनी कागदपत्रं खंडांनी छापतं, आणि ती इंटरनेटवर फुकट आहेत. त्यातला १९७१ च्या दक्षिण आशियाचा खंड काढ. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानी लष्कर माणसं मारत होतं. ६ एप्रिलला ढाक्याच्या अमेरिकन वकिलातीतून स्वतःच्याच, म्हणजे अमेरिकन सरकारच्या, धोरणाचा निषेध करणारी तार गेली. वीस अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या, आणि वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी तिला पाठिंबा दिला. त्यानंतर अध्यक्ष निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांचं २८ एप्रिलचं टिपण वाच. अध्यक्षांपुढे तीन पर्याय ठेवले आहेत. निक्सन यांनी तिसऱ्यावर सही केली आणि खाली हाताने लिहिलं: या वेळी याह्यांना (पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष) पिळू नका. "नका"खाली रेघा मारल्या आहेत. मग जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप चीनला, पेकिंगला (आजचं बीजिंग) कसे गेले ते बघ आणि त्या रेघांशी जोड. ढाक्यात माणसं मरताहेत हे वॉशिंग्टनला ठाऊक होतं. तिथे चीनचं दार जास्त मोलाचं ठरलं. एवढं तू स्वतःच्या डोळ्यांनी कागदावर वाचलंस की डिसेंबरात बंगालच्या उपसागरात 'एन्टरप्राइज' ही अमेरिकेची विमानवाहू युद्धनौका का आली, हे तुला कोणी पाठ करायला सांगणार नाही.

दुसरी गोष्ट, अध्यक्ष बोलला म्हणजे धोरण झालं असं तिथे नसतं. आपलं तारापूरचं अणुवीज केंद्र घे. १९६३ चा अमेरिकेशी करार, १९६९ ला वीज सुरू. १९७४ ला पोखरणची अणुचाचणी झाली आणि १९७८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, असा कायदा केला की तारापूरचं युरेनियम अडलं. १९८२ ला ते फ्रान्सकडून घ्यायची वेळ आली. उलट दिशेनेही तेच. जुलै २००५ मध्ये बुश आणि मनमोहन सिंग यांनी अणुसहकार्याची घोषणा केली, पण करारावर सह्या झाल्या ऑक्टोबर २००८ मध्ये. मधली तीन वर्षं त्यासाठीचा अमेरिकेचा हाइड कायदा, अणुपुरवठादार देशांच्या गटाची सूट आणि दोन्ही सभागृहांतली मतं यात गेली. त्या तीन वर्षांवर एक प्रकल्प लिही, टी. वाय.च्या गुणांसाठी नाही, स्वतःसाठी.

इंग्रजीची भीती मला तुझ्या वडिलांच्या पत्रात ओळींच्या मधून दिसली. बोलायची भीती जाईल, तिची काळजी नको. वाचायचा वेग मात्र कमवावा लागेल. अमेरिकन खासदारांसाठी काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिस अहवाल लिहिते; ते २०१८ पासून सगळ्यांना खुले आहेत. भाषा साधी, कोणाची बाजू न घेणारी. भारतावरचा एक अहवाल घे आणि रोज चार पानं वाच. कठीण शब्दाला अडखळू नकोस. प्रत्येक पानावर कोणत्या कायद्याचा उल्लेख आला तेवढं वहीत उतरव. परीक्षेपर्यंत तुला कळेल की तुझं मन कशात रमतं: अणू, व्यापार, व्हिसा, शस्त्रं की शेती. त्यातलं एक धर. "सगळी अमेरिका" धरून कोणाचं पोट भरत नाही.

शिकायचं कुठे? पहिली पसंती जेएनयू, म्हणजे दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. तिथलं आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं स्कूल १९५५ साली सप्रू हाउसमध्ये सुरू झालेल्या संस्थेतून आलं आहे आणि त्यात कॅनडा, अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेसाठी वेगळं केंद्र आहे. फी इतकी कमी की बागेचा विषयच निघू नये. एम. ए.चा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशभरच्या सामाईक परीक्षेतून होतो. अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमाराला, म्हणजे नेमकी तुमच्याकडे माल तोडायच्या दिवसांत येते. घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. पुढे पीएच.डी.साठी नेट ही परीक्षा लागेल. खासगी विद्यापीठांच्या चकचकीत जाहिरातींना भुलू नकोस. त्यात काही खरोखर चांगली आहेत, पण शिष्यवृत्तीचं पत्र हातात पडेपर्यंत त्यांचा विचार नको. अमेरिकेला जायचंच असेल तर फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचा मार्ग आहे. तो काही वर्षं नोकरी केलेल्यांसाठी आहे, आणि तेव्हा तुला तिथे काय शिकायचं हेही नीट माहीत असेल.

जेएनयूच्या यादीत नाव लागलं नाही तर पुणे विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे, शिवाय रानडे इन्स्टिट्यूटमध्ये एखादी परकीय भाषा संध्याकाळी शिकता येते. दोन्हीकडचे अर्ज भर, जात प्रवर्गाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर तहसीलला दिवाळीआधीच जा, आणि वेबसाइटवर नाव दहावीच्या सनदेवर आहे अगदी तसंच लिही.