शल्यचिकित्सकाच्या मनावरचा भार

प्रश्न : आभासी वास्तवाचा चष्मा लावून शस्त्रक्रियेचा सराव करणाऱ्या डॉक्टरांच्या मनावरील भार मोजता येतो काय? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : येतो, पण एकाच मापाने नव्हे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नासा-टीएलएक्स’ (टास्क लोड इंडेक्स, म्हणजे कार्यभार निर्देशांक) प्रश्नावलीत बौद्धिक व शारीरिक श्रम, वेळेची घाई, कामगिरी, प्रयत्न आणि वैताग या ६ बाबींना डॉक्टर स्वतःच गुण देतात. मागावर धागा तुटला की नवखा विणकर गांगरतो, मुरलेला बोलता बोलता गाठ मारतो. तेव्हा त्याच कामाला दोघांचे गुण वेगळे पडणारच. शिवाय हातमोजे उतरवल्यावर आठवून दिलेल्या गुणांवर पूर्ण विसंबणे बरे नसल्याने हृदयस्पंदनांतील चढउतार, मेंदूलेख (मेंदूतील विद्युतलहरींची नोंद) आणि डोळ्याच्या बाहुलीचा विस्तार यांची जोड दिली जाते. मनावरचा भार वाढला की बाहुली विस्तारते; मात्र चष्म्यातील उजेड वाढला की ती आकसते, म्हणून तिच्यावरही एकटीवर विसंबता येत नाही.