पाण्यातली लवचिक पट्टी: टाइमस्टेप कमी केला की सिम्युलेशन आणखी लवकर का फुटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रवाहासाठी ओपनफोम, पट्टीसाठी कॅल्क्युलिक्स, हे दोन्ही सॉल्व्हर (गणित सोडवणारे प्रोग्राम) प्रीसाइस या जोडणाऱ्या प्रोग्रामने जोडलेले, आणि केस ट्युरेक-ह्रोनची एफएसआय 3, म्हणजे चॅनेलमधल्या सिलिंडरच्या मागे लावलेली लवचिक पट्टी प्रवाहात हेलकावते ती ठरलेली चाचणी (बेंचमार्क). दोन्ही सॉल्व्हर एकेकटे नीट चालतात, पण जोडले की दहा-बारा स्टेपमध्ये पट्टी वेडीवाकडी उडते. टाइमस्टेप 0.001 वरून 0.0001 सेकंद केला तर आणखी लवकर फुटतं. पाण्याऐवजी हवेची घनता टाकली की सगळं सुरळीत.

टाइमस्टेप परत 0.001 वर न्या आणि त्याच्या मागे लागणं सोडा. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: तुमचं कपलिंग एक्सप्लिसिट आहे, म्हणजे दर स्टेपला दोन्ही सॉल्व्हर एकदाच देवाणघेवाण करतात, आणि पाण्याचं जोडवस्तुमान त्याला झेपत नाही.

पाण्यात परात आडवी धरून झटकन पुढे ढकलून बघा. हाताला जो जडपणा लागतो तो परातीचा नसतो, तिच्यासोबत हलवाव्या लागणाऱ्या पाण्याचा असतो. हेच जोडवस्तुमान. तुमच्या पट्टीसाठी त्याचा अंदाज कागदावर निघतो. मोकळ्या पाण्यात L रुंदीचा सपाट पातळ पत्रा स्वतःला लंब दिशेने हलला, तर खोलीच्या दर मीटरमागे जोडवस्तुमान पाय × घनता × L² ÷ 4 इतकं असतं. L = 0.35 मीटर धरला तर सुमारे 96 किलो. पट्टीचं स्वतःचं वस्तुमान 1000 × 0.35 × 0.02, म्हणजे फक्त 7 किलो. पट्टी एका टोकाला धरलेली आहे, वाकते, शेजारी चॅनेलच्या भिंती आहेत, त्यामुळे 96 हा आकडा जसाच्या तसा लागू नाही. पण पाणी पट्टीच्या दहापटींहून जड पडतंय एवढं त्यातून कळतं. हवेत हेच गणित 0.12 किलोपेक्षाही कमी येतं. म्हणून हवा चालली.

आता एक्सप्लिसिट कपलिंग काय करतं ते बघा. प्रवाहाचा सॉल्व्हर पट्टीच्या मागच्या हालचालीवरून दाब काढतो. त्या दाबाचा मोठा हिस्सा म्हणजे उणे जोडवस्तुमान गुणिले मागचं त्वरण. पट्टीचा सॉल्व्हर तो दाब घेऊन नवं त्वरण काढतो. म्हणजे प्रत्येक देवाणघेवाणीत चूक उणे (जोडवस्तुमान ÷ पट्टीचं वस्तुमान) या आकड्याने गुणली जाते. गुणोत्तर 14 असेल तर चूक चौदापट होते आणि वर चिन्हही उलटतं. टोकाचं विस्थापन छापून बघा: एका स्टेपला वर, पुढच्या स्टेपला खाली, दर वेळी मोठं होत गेलेलं दिसलं तर निदान पक्कं.

टाइमस्टेपचा गुंता इथेच सुटतो. पट्टीचा स्वतःचा ताठपणाही या चुकीला थोडा आवर घालतो. न्यूमार्क पद्धतीत (पट्टीची हालचाल स्टेपगणिक पुढे नेणारी पद्धत) छेदात नुसतं वस्तुमान नसतं, वस्तुमान + (ताठपणा × टाइमस्टेपचा वर्ग ÷ 4) असतं. टाइमस्टेप दहापट लहान केला की ही मदत शंभरपट घटते. पाणी असंकोच्य (न दबणारं) मानल्यामुळे त्याचं जोडवस्तुमान मात्र तसूभरही कमी होत नाही, कारण दाबाची बातमी एका स्टेपमध्ये संपूर्ण चॅनेलभर पोचते. संकोच्य प्रवाहात आवाजाची लाट तेवढ्या वेळात जिथवर जाते तेवढंच द्रव हलतं, म्हणून तिथे लहान टाइमस्टेपचा खरोखर फायदा होतो. विमानाच्या पंखाच्या कामात ढिलं, म्हणजे एक्सप्लिसिट, कपलिंग चालून जातं ते यामुळे आणि हवा हलकी असल्यामुळे. कोसॅन, गर्बो आणि नोबिले यांनी 2005 मध्ये या अस्थिरतेचं विश्लेषण मांडलं. धमन्यांमधल्या रक्तप्रवाहाच्या गणितात ती सतत आडवी येत होती.

उपाय: कपलिंग इम्प्लिसिट करा. एकाच टाइमस्टेपमध्ये दोन्ही सॉल्व्हर पुन्हा पुन्हा चालवायचे, बळ आणि विस्थापन एकमेकांशी जुळेपर्यंत. पण नुसत्या फेऱ्या वाढवून भागत नाही, वरचा चौदापटीचा गुणक फेऱ्यांनाही लागू आहे. रिलॅक्सेशन हवंच, म्हणजे दर फेरीला नव्या उत्तराकडे पूर्ण न जाता थोडंच सरकायचं. ठरावीक गुणक वापरायचा तर तो 2 ÷ (1 + गुणोत्तर) याहून लहान लागतो, म्हणजे इथे 0.13 च्या आसपास किंवा त्याखाली. तेवढ्याने स्थिर होईल, पण गोगलगायीच्या चालीने, कारण पट्टीच्या प्रत्येक वाकाचं गुणोत्तर वेगळं असतं आणि तुम्ही सगळ्यांना एकच आकडा लावताय. एटकेन पद्धत तो आकडा दर फेरीला मागच्या दोन फरकांवरून सुधारते; ती चालते. माझी शिफारस मात्र आयक्यूएन-आयएलएस. आधीच्या फेऱ्यांमधले फरक साठवून ही पद्धत प्रत्येक वाकाला साधारण त्याचा त्याचा गुणक लावते. प्रीसाइसमध्ये ती तयारच आहे.

सुरुवातीला हे आकडे ठेवा: कपलिंग पॅरलल-इम्प्लिसिट (दोन्ही सॉल्व्हर एकाच वेळी चालतात), टाइम विंडो (कपलिंगचा टाइमस्टेप) 0.001 सेकंद, जास्तीत जास्त 50 फेऱ्या, बळ आणि विस्थापन दोन्हींसाठी सापेक्ष मर्यादा 1e-4, पहिल्या फेरीचं रिलॅक्सेशन 0.1, मागच्या 10 विंडोंची माहिती वापरायची, क्यूआर 2 फिल्टरची (साठवलेल्या माहितीतली निरुपयोगी माहिती गाळणारा) मर्यादा 1e-2. पॅरललमध्ये बळ आणि विस्थापन दोन्ही ॲक्सिलरेशनच्या (इथे आयक्यूएन-आयएलएसच्या) यादीत द्यावे लागतात, आणि बळ न्यूटनमध्ये तर विस्थापन मीटरमध्ये असल्याने दोन्हींना एका मापात आणणारा रेसिड्युअल-सम प्रीकंडिशनरही लागतो. मॅपिंग करताना, म्हणजे एका जाळीवरचे आकडे दुसरीवर नेताना, बळ कॉन्झर्व्हेटिव्ह (एकूण बेरीज तीच राहते), विस्थापन कन्सिस्टंट (मूल्य तेच राहतं). उलट केलंत तर प्रोग्राम तक्रार करणार नाही, उत्तर मात्र चुकेल.

फेऱ्या दहाच्या आत आल्या पाहिजेत. सुरुवातीला बऱ्या आणि मग 50 ला जाऊन आदळू लागल्या, तर आधी ओपनफोमच्या दाबाची टॉलरन्स (किती चूक उरली की थांबायचं ती मर्यादा) बघा. कपलिंगची मर्यादा 1e-4 आणि दाबच 1e-4 ला सोडून दिलेला, असं असेल तर आयक्यूएनला मिळणाऱ्या फरकांमध्ये निव्वळ खरखर असते आणि तो त्यावरून भलताच उतार काढतो. दाब किमान दोन घरं पुढे, म्हणजे 1e-6 किंवा कडक ठेवा.

एवढं करूनही उत्तर चुकू शकतं. कपलिंगचा संबंध नसलेल्या चुका अशा.

एक, पट्टीच्या भिंतीवर वेगाची अट नो-स्लिप (वेग शून्य) राहिलेली असणं. भिंत हलते, म्हणून तिथे मूव्हिंग वॉल व्हेलॉसिटी हवी. नाहीतर पाण्याला भिंत हलल्याचं कळतच नाही, जोडवस्तुमान गायब होतं, आणि सिम्युलेशन संशयास्पदरीत्या छान चालतं! दोन, असंकोच्य ओपनफोमचा दाब हा घनतेने भागलेला असतो. ॲडॅप्टरला (ओपनफोम प्रीसाइसशी जोडणारा भाग) घनता 1000 दिली नाही तर बळ हजारपट कमी जातं आणि पट्टी हलतच नाही. तीन, खोली. ओपनफोममधली जाळी 1 मीटर खोल आणि कॅल्क्युलिक्समधली 0.1, असं असेल तर दहापट गडबड. दोन्हीकडे एकच खोली ठेवा, आणि कॅल्क्युलिक्समध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही पृष्ठांची खोलीच्या दिशेची हालचाल बांधून टाका.

कॅल्क्युलिक्सच्या बाजूला एनएलजिओम (मोठ्या विस्थापनांचं गणित चालू करणारा पर्याय) विसरू नका. घटक म्हणून साधा आठ नोडांचा सी3डी8 वाकण्यात खोटा ताठपणा दाखवतो. सी3डी8आय किंवा वीस नोडांचा घ्या. यंग मॉड्युलस 56 लाख पास्कल, पॉयसन गुणोत्तर 0.4.

खरं तर थेट एफएसआय 3 वर उडी मारायला नको होती. या बेंचमार्कमध्ये पायऱ्या मुद्दाम दिल्या आहेत. सीएफडी 1 मध्ये पट्टी ताठ: ड्रॅग (प्रवाहाच्या दिशेचं बळ) 14.29, लिफ्ट (त्याला लंब बळ) 1.119 न्यूटन. सीएसएम 1 मध्ये पाणी नाही, मॉड्युलस 14 लाख पास्कल आणि गुरुत्व 2: टोक 7.187 मिलिमीटर मागे आणि 66.10 मिलिमीटर खाली आलं पाहिजे. हे जुळलं नाही तर जोडायचं नाव काढू नका. मग एफएसआय 1: टोक फक्त 0.82 मिलिमीटर सरकतं, ड्रॅग जवळपास तोच, पण लिफ्ट 0.764 वर उतरते. एवढ्याशा हालचालीने लिफ्ट जवळजवळ एक तृतीयांश घटते, म्हणून ही चाचणी दिसते तितकी सोपी नाही.

एफएसआय 2 मी नंतर करेन. तिथे पट्टीची घनता 10000 आहे, म्हणजे वस्तुमान 70 किलो. कपलिंग खूप सोपं. पण टोक ±80 मिलिमीटर हलतं, पट्टीच्या जाडीच्या चौपट, आणि तिथे जाळी फाटते. काही सेकंद नीट चालून मग स्क्यूनेस (जाळीच्या खणांचा वेडेवाकडेपणा) वाढत जाऊन मेलं तर दोष जाळीचा, जोडवस्तुमानाचा नव्हे. डिस्प्लेसमेंट लाप्लासियनमध्ये (ओपनफोमची जाळी हलवण्याची पद्धत) भिंतीपासूनच्या अंतराच्या व्यस्त वर्गानुसार डिफ्युझिव्हिटी द्या, म्हणजे पट्टीजवळचे घट्ट खण जसेच्या तसे सरकतात आणि ताण दूरच्या मोठ्या खणांवर जातो.

एफएसआय 3 मध्ये सरासरी वेग 2 मीटर प्रति सेकंद, पॅराबोलाच्या मध्यभागी 3. पहिल्या 2 सेकंदांत तो कोसाइनने हळूहळू चढवा. एकदम सोडलात तर पहिल्याच धक्क्याला पट्टी मोडेल. सिलिंडर 0.41 मीटरच्या चॅनेलमध्ये 0.20 वर आहे, मध्यापासून 5 मिलिमीटर खाली. ती टायपिंगची चूक नाही, 'दुरुस्त' करू नका. त्या तिरकेपणामुळेच हेलकावे आपोआप सुरू होतात. ते स्थिरावले की टोकाचं उभं विस्थापन 1.48 ± 34.38 मिलिमीटर, वारंवारता 5.3 हर्ट्झ, आडव्या हालचालीची 10.9, आणि ड्रॅग 457 न्यूटनच्या आसपास यायला हवा. एका हेलकाव्याला साधारण 190 स्टेप मिळतात, म्हणून 0.001 पुरेसा आहे.

पुढे हृदयाची झडप करायची आहे असं लिहिलंय. रक्त आणि झडपेची घनता जवळपास सारखीच आणि झडप या पट्टीहून कितीतरी पातळ, त्यामुळे गुणोत्तर इथल्यापेक्षा वाईट असेल. शिवाय झडप मिटली की वरचा कप्पा बंद होतो. त्या कप्प्याच्या सगळ्या कडांवर वेगच दिलेला असेल, दाब कुठेही नसेल, तर आयक्यूएनही काही करू शकत नाही: असंकोच्य रक्ताला जायला जागा नसते आणि दाबाचा आकडा ठरवायला कुणी नसतं. त्या मॉडेलमध्ये एका टोकाला दाबाची अट ठेवूनच सुरुवात करा.