पाहायला आलेल्या मुलाला क्रिकेटच्या गेमबद्दल सांगू का?

मावशी, नमस्कार.

मी 28 वर्षांची. जुळे सोलापूरला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. शाळेत असताना दादाच्या मित्राकडे टीव्हीला जोडून गेम खेळायचा प्लेस्टेशन 2 होता. त्यावर युवराज सिंगच्या नावाचा क्रिकेटचा गेम खेळायला मिळायचा. तेव्हापासूनचं हे वेड काही गेलं नाही. दादा पुण्याला गेला. मला नोकरी लागल्यावर मी माझ्या पगारातून सेकंडहँड प्लेस्टेशन 4 घेतला. आता ‘क्रिकेट 24’ खेळते, तेही कसोटी सामनेच. मागे सगळ्यात अवघड लेव्हलला सत्तरच्या वर धावा केल्या. पहिला तासभर तर मी ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू नुसते सोडत होते. गेममध्ये स्टेडियम तयार करता येतं, त्यात मी आपलं पार्क मैदान बांधलंय. महाराष्ट्राचा रणजी संघसुद्धा एकेक खेळाडू घडवून तयार केलाय.

आता स्थळ आलंय. मुलगा बार्शीचा, नोकरी पुण्यात. मला तो आवडलाय, अधूनमधून फोनवर बोलणं होतं. पाहायला आला तेव्हा त्यानं विचारलं, “रिकाम्या वेळात काय करता?” आईनं पढवून ठेवल्याप्रमाणे मी म्हणाले, “वाचन आणि स्वयंपाक.” येत्या रविवारी बोलणी आहेत. आई म्हणते, “तो डबा माळ्यावर टाक, नाहीतर विकून मोकळी हो. एवढी घोडी झाली अन् पोरांचे खेळ खेळते, म्हणतील ते लोक.” मावसबहिणीच्या हळदीला मी डोकं दुखतंय सांगून गेले नव्हते, सामन्याचा शेवटचा दिवस चालू होता. ते आईच्या मनातून अजून गेलेलं नाही.

सांगू की नको? आणि खरंच हे माझं वय राहिलंय का?

– नाव छापू नका, सोलापूर


बाळ,

सांग. सुपारी फुटायच्या आत सांग, रविवारची वाट न बघता.

त्या मुलानं तुला सरळ प्रश्न विचारला होता. पाहण्याच्या कार्यक्रमात पोहे, साडी, पगार, नातेवाईक यांच्या गर्दीत असा प्रश्न फार थोडे मुलगे विचारतात. त्याला तुझ्याबद्दल काहीतरी जाणून घ्यायचं होतं आणि त्याला उत्तर मिळालं ते तुझ्या आईचं. आता तो वाढदिवसाला तुला पुस्तक आणेल, तू वाचल्यासारखं करशील, आणि दोन वर्षांनी दादा जेवायच्या पंगतीत सहज बोलून जाईल की हिचं सगळं बालपण क्रिकेटच्या गेममध्ये गेलं. तेव्हा त्याला वाईट वाटेल ते गेमचं नाही, तू लपवलंस याचं. आज हे निस्तरायला एक फोन पुरतो.

आता वयाचं. पत्र वाचल्यावर मी भाच्याकडे जाऊन हा गेम नीट बघितला, कारण ज्या गोष्टीवर सल्ला द्यायचा ती न बघता बोलणं मला पटत नाही. हातातल्या कंट्रोलरवर दोन छोट्या दांड्या असतात, त्यांना स्टिक म्हणतात. दोन्ही अंगठ्यांना काम. डाव्या स्टिकनं पाय पुढे टाकायचा की मागे घ्यायचा ते ठरवायचं, उजव्या स्टिकनं फटका. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटल्यापासून आपल्यापर्यंत येईतो हे दोन्ही निर्णय झालेले पाहिजेत. पाय चुकला की बॅटची कड लागते आणि चेंडू स्लिपच्या हातात. वेगवान गोलंदाजी करताना उजवी स्टिक आधी मागे ओढायची, मग नेमक्या क्षणी पुढे ढकलायची, उशीर झाला तर नो बॉल. भाचा चांगला चलाख आहे, कॉलेजात शिकतो, पण अवघड लेव्हलवर त्याचे तीन गडी पाणी प्यायच्या आत तंबूत परतले. चेंडू सोडत बसायला त्याला जमेना, हात शिवशिवायचे. तू तासभर चेंडू सोडलेस! हा संयम पोरखेळाचा नाही. कसोटीत सलामीला येणाऱ्या माणसाकडून आपण हीच अपेक्षा धरतो आणि तो उतावळा झाला की घरात बसून त्याला नावं ठेवतो.

शिवाय क्रिकेटच्या गेमवर प्रेम करणाऱ्यांची गोष्ट फुटबॉलवाल्यांसारखी सुखाची नाही. फुटबॉलचा नवा गेम दरवर्षी ठरल्या वेळी दुकानात यायचा, मोठमोठे क्लब आणि खेळाडूंची खरी नावं घेऊन. क्रिकेटचं काय झालं? ईए स्पोर्ट्स या कंपनीनं 2006 च्या अखेरीस ‘क्रिकेट 07’ आणला आणि मग कन्सोलसाठी, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या मशीनसाठी, क्रिकेटकडे वळूनच पाहिलं नाही. कोडमास्टर्स या दुसऱ्या कंपनीचे ब्रायन लाराच्या नावाचे गेम होते. तू दादाबरोबर खेळलीस तो 2007 चा गेमही त्यातलाच, भारतात त्यावर युवराजचं नाव लागलं. ‘इंटरनॅशनल क्रिकेट 2010’ नंतर ती वाटही बंद झाली. पुढे 2014 मध्ये मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजनं ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14’ काढला, तेव्हा कुठे कसोटीच्या चाहत्याला मनासारखं काही मिळालं. एकाच खेळाडूची कारकीर्द पोरवयापासून घडवायची सोय त्यात आली. तुझ्यासारखी माणसं एवढी वर्षं टिकून राहिली ती निव्वळ मायेपोटी.

आणि भारतीय संघाचे हक्क मिळत नसल्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं वर्षानुवर्षं मोडकीतोडकीच यायची. ऑस्ट्रेलियाचा खेळाडू खऱ्या नावानं उभा, आपला मात्र कोणी भलताच. जगभरच्या चाहत्यांनी रात्री जागून चेहरे, उंची, बॅट धरायची ढब, बुटांचा रंगसुद्धा जुळवून खरे संघ तयार केले आणि इतरांना फुकट वापरायला दिले. तू महाराष्ट्राचा संघ बांधलास तो याच परंपरेतला. रणजीच्या संघासाठी एवढी मेहनत कोण घेतं? ज्याचा जीव आपल्या गावच्या क्रिकेटात असतो तोच. मला तुझ्या पत्रातली ही ओळ सगळ्यात जास्त आवडली, आणि ते पार्क मैदान. खऱ्या पार्क मैदानाबाहेर चौपाटीवर लोक भेळ-पावभाजी खातात, आत कोण खेळून गेलं याची त्यांतल्या किती जणांना आठवण असते? तुझ्या घरात ते मैदान रोज वापरात आहे. माझी एक मागणी आहे, अजून केला नसशील तर त्या मैदानावर पॉली उम्रीगरला उतरव. 1926 साली जन्म सोलापूरचा, आणि कसोटीत द्विशतक करणारा पहिला भारतीय. न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला 1955 मध्ये 223 धावा. आणि किरण नवगिरेलाही घे. आपल्या माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची ही मुलगी. 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना तिनं एका ट्वेंटी-20 सामन्यात नाबाद 162 धावा केल्या. ट्वेंटी-20 त दीडशेच्या पुढे जाणारी ती पहिली भारतीय, पुरुषांतही तोवर कोणाला ते जमलेलं नव्हतं. तुला वीस षटकांचं क्रिकेट आवडत नाही तरी तिच्यासाठी एक सामना खेळ. आणि आईनं पुन्हा ‘पोरांचे खेळ’ म्हटलं की तिला हा आकडा सांग.

हळदीचं मात्र मला अजिबात आवडलेलं नाही. आईच्या मनात ते राहिलं असेल तर तिचं बरोबर आहे. सामना अर्ध्यात सेव्ह करून ठेवता येतो. बहिणीच्या अंगाला हळद एकदाच लागते. मन दुखावलं जाणारच होतं, वर डोकेदुखीची थाप मारलीस. म्हणजे गेम लपवायची सवय मुलगा पाहायला येण्याच्या आधीपासून लागलेली आहे, आणि ही सवय मोडायला हवी. मावसबहिणीकडे जा, खरं काय ते सांग, तिच्या संसारासाठी काहीतरी चांगलं घेऊन जा. हे रविवारच्या आत झालं तर उत्तम.

आईशी बोलताना वाद घालू नकोस. तिनं तुला पाठमोरीच पाहिलंय, टीव्हीसमोर बसलेली, हाक मारली तरी ‘ओ’ न देणारी. समोर काय चाललंय ते तिला कधी कोणी सांगितलेलं नाही. एका संध्याकाळी तिला शेजारी बसव आणि पार्क मैदान दाखव. तिला क्रिकेट कळत नसलं तरी तिचं गाव तिला ओळखता येतं. मग सांग की मी त्याला फोन करणार आहे. हे फोनच्या आधी सांगायचं, नंतर नाही, नाहीतर तिला वाटेल पोरीनं मला खोटं पाडलं. तिची भीती खरी आहे. स्थळ मोडलं तर गल्लीत चर्चा होते आणि ती तिलाच ऐकावी लागते. पण डबा विकायचा नाही. तुझ्या पगाराची वस्तू आहे. माळ्यावरही नको, सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली मशीन खराब होतं.

मुलाला फोनच कर, व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहू नकोस. लिहिलेलं चारजणांना दाखवलं जातं आणि आवाजातला सच्चेपणा त्यात उतरत नाही. एवढंच बोल: “त्या दिवशी मी वाचन म्हणाले ते खरं नव्हतं. मला क्रिकेटचा गेम खेळायला फार आवडतो, शाळेपासून खेळते, लग्नानंतरही खेळेन. तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगतेय.” माफी एकदाच माग, तीही खोट्याबद्दल. गेमबद्दल मागू नकोस.

मग तो काय म्हणतो ते ऐक. हसला तर घाबरू नकोस, पहिल्या क्षणी बरेच जण हसतात. हसून झाल्यावर त्यानं पुढे काही विचारलं, कोणता संघ घेतेस, किती वेळ खेळतेस, तर गाडी रुळावर आहे. “लग्नानंतर बंद करशील ना?” असं म्हणाला तर शांतपणे विचार, “तुम्ही काय काय बंद करणार आहात?” उत्तरावरून तुला बरंच कळेल. आणि एवढ्याशा कारणावरून त्यानं नकार दिला तर तो नकार सुपारीआधी मिळाला म्हणून मी तरी देवाचे आभार मानेन. सिद्धेश्वराला नारळ फोड आणि पुढचं स्थळ बघा.

त्यानं हो म्हटलं तर पुण्याच्या घराचं आत्ताच बोलून घ्या. टीव्ही एक असणार. त्याचे आई-वडील बार्शीहून येऊन राहतील तेव्हा संध्याकाळी त्यांच्या मालिका असतील, तू त्या वेळेला खेळायचं नाहीस. शनिवारची रात्र तुझी, असं काहीतरी दोघांनी मिळून ठरवा, आणि ठरलेलं पाळ. दुसरा कंट्रोलर आहे की नाही ते तू लिहिलेलं नाहीस. नसेल तर आत्ताच विकत घेऊ नकोस. त्यानं आपणहून मागितला तर घे, आणि पहिल्या सामन्यात त्याला सोप्या लेव्हलवर खेळू दे.

– मावशी