रूट कॅनॉल करताना दाढेत वारंवार सोडले जाणारे ते 'पाणी' नेमके काय करते?

आपण विचारले आहे की, खालच्या दाढेचे रूट कॅनॉल करताना डॉक्टर फाइल (मुळाची नळी खरवडण्याची बारीक सुईसारखी सळई) फिरवण्यापेक्षा सिरिंजने दाढेत पाणी सोडण्यातच जास्त वेळ घालवत होते, त्याला टाकीत टाकतात त्या पावडरीसारखा वास होता आणि थोडेसे जिभेवर आले तेव्हा ते कडवट लागले. तर हे पाणी कशासाठी असते आणि त्यापासून काही अपाय होतो का. मी नाशिकमध्ये दंतवैद्य आहे आणि माझे बहुतेक काम रूट कॅनॉलचेच असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वासावरून आपण केलेला तर्क बरोबर आहे. ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर कॅल्शियमची असते आणि आम्ही वापरतो ते द्रावण सोडियमचे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पण दोन्हींत काम करणारा क्लोरीन एकच. पहिल्या महायुद्धात रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी याचेच सुमारे ०.५ टक्क्याचे द्रावण जखमा धुण्यासाठी वापरात आणले. दातांसाठी आज ०.५ पासून सहा टक्क्यांपर्यंतची द्रावणे वापरली जातात.

आता मुळाची नळी डोळ्यांसमोर आणा. फाइल गोल फिरते, पण नळी क्वचितच गोल असते. ती कुठे चपटी, कुठे वाकडी असते, आणि खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात तर बहुधा दोन नळ्या असून त्यांना जोडणारी एक बारीक फट असते, जिच्यात कोणतीही फाइल शिरत नाही. सूक्ष्म सीटी स्कॅनच्या अभ्यासांत असे दिसले आहे की, उत्तम फाइल वापरूनही भिंतींचा एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग अस्पर्शित राहतो. म्हणून मी रुग्णांना सांगतो की फाइल फक्त वाट करून देते; सफाई द्रावणच करते.

हायपोक्लोराइटचे वैशिष्ट्य असे की ते जंतू तर मारतेच, शिवाय दाताच्या आतली सडलेली मज्जा (पल्प) विरघळवते. चरबीचा त्याच्याशी संयोग होऊन साबण तयार होतो, प्रथिनांतील अमिनो आम्लांशी क्लोरीन जोडला जाऊन ती तुटतात, आणि ऊतींचा पातळ रस होऊन वाहून जातो. भिंगातून पाहताना हे स्पष्ट दिसते: सुरुवातीला द्रावण सोडले की दाढेच्या तोंडाशी बारीक फेस येतो आणि पाणी गढूळ होते, पुन्हा पुन्हा ताजे सोडत गेले की फेस कमी होत जातो. याचे कारण असे की, प्रत्येक प्रक्रियेत क्लोरीन खर्ची पडतो आणि जुने द्रावण काही वेळातच निकामी होते. आपल्याला जो वेळ फुकट गेल्यासारखा वाटला, तो या बदलण्याचा वेळ होता.

निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार हमखास विचारतात की, औषध जास्त कडक का वापरत नाही. त्यांना मी त्यांच्याच फवारणीची आठवण देतो: पानाच्या मागच्या बाजूला औषध लागले नाही, तर मात्रा वाढवून डाऊनी हा द्राक्षावरचा रोग जात नाही. इथेही मला टक्केवारीपेक्षा भरपूर आणि ताजे द्रावण टोकापर्यंत पोचणे अधिक महत्त्वाचे वाटते. मात्र उष्णता आणि उजेड यांनी द्रावणाचा जोर उतरतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत मी गडद रंगाच्या लहान बाटल्याच आणतो.

पोचवणे हेच खरे तर अवघड काम आहे. साधी सुई वापरल्यास द्रावण सुईच्या टोकापुढे एक-दोन मिलिमीटरपेक्षा फारसे जात नाही, आणि मुळाच्या बंद टोकाशी हवा अडकून ते अधिकच अडते. त्यासाठी बाजूला छिद्र असलेली बारीक सुई वापरतात, ती नळीत घट्ट बसू न देता वरखाली हलवत राहतात, आणि शेवटी अल्ट्रासोनिक टोकाने द्रावण घुसळतात, म्हणजे ते फटींत शिरते.

फाइलने खरवडताना भिंतींवर भुशाचा एक चिकट थर बसतो. त्यातील कॅल्शियम हायपोक्लोराइटने जात नाही, म्हणून अखेरीस ईडीटीए नावाचे दुसरे द्रावण, सतरा टक्क्यांचे, साधारण मिनिटभर ठेवतात. ते कॅल्शियम बांधून घेते आणि डेंटिनच्या (दाताच्या आतील कठीण थराच्या) सूक्ष्म नलिकांची तोंडे उघडते. ही दोन द्रावणे एकत्र येऊ देत नाहीत, कारण ईडीटीएमुळे क्लोरीनचा जोर जातो. क्लोरहेक्सिडिन हे आणखी एक जंतुनाशक द्रावण जंतूंवर चांगले आहे, पण ते ऊती विरघळवत नाही, आणि हायपोक्लोराइटमध्ये मिसळले तर तपकिरी साका तयार होऊन नळ्या बुजतात. मध्ये सलाइनने धुणे आवश्यक असते.

आता अपायाबद्दल. जिभेवर थोडेसे आले तर चूळ भरणे पुरेसे असते, पण ते येऊच नये यासाठी दातावर रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवलेला रबरी पडदा, लावायचा असतो. आपल्या दाढेवर तो लावला नसेल, तर पुढच्या बैठकीत निःसंकोच मागा. गंभीर धोका वेगळा आहे: सुई नळीत अडकली आणि द्रावण जोराने मुळाच्या टोकापलीकडे गेले, तर त्याच क्षणी असह्य कळ येते, गालाला झपाट्याने सूज येते आणि पुढे काळेनिळे डाग पडतात. असे क्वचितच घडते, आणि घडले तर ते खुर्चीवरच कळते. आपल्याला तसे काही झाले नसेल, तर त्या कडवटपणाची चिंता करू नका.