टोइंगसाठी सेकंडहँड गॅस ट्रक घेताय? आधी दारावरचा स्टिकर वाचा

एप्रिल उजाडला की माझ्याकडे एकाच प्रकारचे प्रश्न यायला लागतात. कॅम्पिंगचा सीझन तोंडावर असतो, कोणी ट्रॅव्हल ट्रेलर बुक केलेला असतो, कोणी बोट बघून आलेलं असतं, आणि मग लक्षात येतं की हे ओढायचं कशाने. अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांचे या वेळचे पाच प्रश्न घेतोय. सगळे गॅसवर चालणाऱ्या, म्हणजे आपल्या भाषेत पेट्रोलच्या, जुन्या पिकअपबद्दल आहेत.

प्रश्न (फ्रिस्को, टेक्सास): २०१८ ची फोर्ड एफ-१५० बघितली, ३.५ इकोबूस्ट (फोर्डचं टर्बो इंजिन), एक्सएलटी, सहा सीटची. डीलर म्हणतो ११ हजार पौंड ओढते. आमचा ट्रेलर भरून ७ हजारच होईल. जूनमध्ये आईबाबा येतायत, सगळ्यांना घेऊन यलोस्टोनला जायचंय. घेऊ ना?

थांबा जरा. डीलर खोटं बोलत नाहीये, पण त्याने सांगितलेला आकडा तुमच्या घरच्या ट्रिपचा नाही. टो रेटिंग, म्हणजे ट्रक जास्तीत जास्त किती वजनाचा ट्रेलर ओढू शकतो तो आकडा, काढायची एक ठरलेली पद्धत आहे, एसएई जे२८०७ म्हणतात तिला, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमपासूनचा ११ मैलांचा चढ १०० डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात एसी फुल ठेवून चढवतात आणि स्पीड ४० च्या खाली जाऊ द्यायचा नसतो. टेस्ट कडकच आहे. पण त्यात ट्रकमध्ये माणसं धरलेली असतात दोनच, प्रत्येकी १५० पौंडांची. तुम्ही सहा जण आहात!

ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पिवळ्या पट्टीचा एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये असं त्यावर लिहिलेलं असतं. हे त्या एका ट्रकचं पेलोड. शेजारी उभ्या असलेल्या तशाच दिसणाऱ्या ट्रकचं वेगळं असू शकतं, कारण सनरूफ, मोठी चाकं, फोर बाय फोर हे सगळं त्यातूनच वजा होतं. समजा तुमच्या ट्रकवर १,५६० लिहिलंय. आता हिशोब करा: तुम्ही दोघं ३१०, आईबाबा २८०, दोन मुलं १५०, झाले ७४०. मागे जनरेटर, कूलर, खुर्च्या, लाकडं मिळून २००. ट्रेलर ट्रकला जोडणारी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच स्वतःच ८० पौंडांची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टंग वेट, ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर जो भार टाकतो तो, ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असायला लागतो, १३ धरला तर ९१०. बेरीज १,९३०. म्हणजे ३७० पौंड जास्त, आणि अजून आईने घेतलेली लाडू-चिवड्याची बॅग धरलेली नाही. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच यातला थोडा भार ट्रेलरच्या ॲक्सलवर परत ढकलते, पण ३७० ची भरपाई त्यातून होत नाही.

हे मी एवढं लांबवून सांगतोय कारण मी स्वतः यातून गेलोय. माझा पहिला ट्रक घेताना विकणाऱ्याने टो रेटिंग तीनदा सांगितलं, पेलोडचं नावही काढलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. अमरिलोच्या पुढे आय-४० वर आडवा वारा सुटला, एक सेमी, म्हणजे मोठा मालट्रक, बाजूने गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. ट्रकचा ब्रेक न दाबता ट्रेलर ब्रेकचा हाताचा लिव्हर दाबायचा असतो एवढं मला माहीत होतं म्हणून वाचलो. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. तेव्हापासून कोणीही ट्रकचा फोटो पाठवला की मी आधी दारावरच्या स्टिकरचा फोटो मागतो.

तुमच्यासाठी एक पायरी वरचा, ज्याला इथे पाऊण टनाचा म्हणतात तो, गॅस ट्रक बघा: एफ-२५० मध्ये ६.२ व्ही८, रॅम २५०० मध्ये ६.४ हेमी, शेवी किंवा जीएमसी २५०० मध्ये ६.०. यांचं पेलोड अडीच-तीन हजारांच्या घरात मिळतं. आणि इथेच गॅसचा फायदा आहे, डिझेल इंजिन स्वतःच इतकं जड असतं की त्याच एफ-२५० चं पेलोड डिझेलमध्ये कमी भरतं. मायलेज ओढताना ८-१० च्या आसपास येईल, ते मान्य करूनच निघा. आणि ट्रेलरचं वजन धरताना ब्रोशरमधलं रिकामं वजन धरू नका, पाणी एका गॅलनला ८.३ पौंड असतं, भांडीकुंडी, बॅटरी, प्रोपेन मिळून हजार-दीड हजार सहज वाढतात.

प्रश्न (डेन्व्हर): इकोबूस्ट घ्यावा की ५.० व्ही८? ट्रेलर ५,५०० पौंड, दर विकेंडला डोंगरात.

तुमच्या गावात इकोबूस्ट, आणि त्याला कारण आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. आय-७० वरचा आयझेनहॉवर टनेल ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेला. ३९५ हॉर्सपॉवरचं व्ही८ तिथे २६५ सारखं वागतं, गिअर खाली येतात, आरपीएम ५ हजारांवर, आणि घरातले सगळे गप्प होऊन बसतात. व्ही८ ला त्याने काही होत नाही, ते त्यासाठीच बनवलंय, पण टर्बो पातळ हवाही दाबून आत घेतो त्यामुळे त्याला चढ तेवढा जाणवत नाही. उतारावर मात्र टो/हॉल मोड लावून गिअरवरच उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही.

आता जुना इकोबूस्ट घेताना. २०१७ ते २०२० च्या ३.५ मध्ये कॅम फेझरचा (इंजिनचे वॉल्व्ह कधी उघडायचे ते ठरवणारा भाग) आवाज हे ओळखीचं दुखणं आहे, थंड इंजिन चालू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद खडखड येते. म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत ट्रक चालू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा गरम आहे का. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. फोर्डने नंतर सुधारलेले फेझर काढले, ते बसवलेत असं म्हणत असतील तर बिल मागा. नसतील बसवले आणि आवाज येत असेल तर दोन-तीन हजार डॉलर किमतीतून कमी करा नाहीतर सोडून द्या. ८७ ऑक्टेनच्या साध्या गॅसवर चालतं, पण जड ओढताना प्रीमियम टाका असं मॅन्युअलच सांगतं.

प्रश्न (फिनिक्स): २०१६ ची सिल्वेराडो १५००, ५.३, किंमत खूप कमी आहे. बोट ट्रेलरसकट ४,५०० पौंड, लेक प्लेझंटला न्यायची. काही लोचा?

ग्लोव्ह बॉक्स उघडा, आत बारीक अक्षरांचा कोडचा स्टिकर असतो. जीयू६ दिसलं तर मागचा ॲक्सल ३.४२ चा, जीटी४ म्हणजे ३.७३; हा गिअरचा रेशो, आकडा मोठा तितकं ओढायला बरं. झेड८२ म्हणजे ट्रेलरिंग पॅकेज, जेएल१ म्हणजे कंपनीचा ब्रेक कंट्रोलर, जी८० म्हणजे लॉकिंग डिफरन्शियल जो ओल्या बोट रॅम्पवर फार उपयोगी पडतो. जीयू६ आणि जीटी४ दोन्ही नसतील तर बहुतेक ३.०८ चा ॲक्सल आहे, हायवेवर मायलेजसाठी छान, ओढायला नाही, तेच इंजिन असून टो रेटिंग हजारो पौंडांनी खाली येतं. किंमत कमी असण्याचं एक कारण हे असू शकतं. दुसरं कारण लिफ्टर, म्हणजे इंजिनचे वॉल्व्ह उचलणारे भाग. या ५.३ मध्ये चार सिलेंडर बंद करायची सिस्टीम आहे आणि तिचे लिफ्टर निकामी झाले की टिकटिक, मिसफायर, आणि शेवटी कॅमशाफ्टसकट खर्च. ऑइल चेंजची सगळी बिलं असलेला ट्रक शोधा, ५०० डॉलर जास्त गेले तरी चालेल. तुमच्या उन्हात ट्रान्समिशन कूलर आहे का हेही बघा, आणि ट्रान्समिशन ऑइलला जळका वास आला तर तिथूनच नमस्कार.

प्रश्न (केरी, नॉर्थ कॅरोलायना): मी आणि माझी जाऊ मिळून वडापाव-मिसळीचा फूड ट्रेलर चालू करतोय. १६ फुटी, भरून साडेसात-आठ हजार पौंड असं बनवणाऱ्याने सांगितलंय. रोज २०-२५ मैल. सगळे म्हणतात डिझेल घ्या. तुम्ही काय म्हणाल?

ताई, आधी तुमचं दोघींचं मनापासून अभिनंदन. आणि डिझेल घेऊ नका. रोज २०-२५ मैल, सिग्नलला थांबत, मग उभं राहायचं, हे आजकालच्या डिझेलला अजिबात मानवत नाही, त्याच्या एक्झॉस्टमधला फिल्टर साफ व्हायला लांब गरम ड्राइव्ह लागतो, तो मिळाला नाही की फिल्टर चोंदतो आणि बिल धंद्याच्या पहिल्या वर्षाचा नफा खाऊन टाकतं.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती २०११ ते २०१९ मधला शेवी किंवा जीएमसी २५००एचडी, ६.० गॅस. ३६० हॉर्सपॉवर, लोखंडी ब्लॉक, सिलेंडर बंद करायची भानगड नाही. वेगवान नाही, चढावर ओरडतो, पण ओरडत ओरडत वर्षानुवर्षं काम करतो, आणि कुठलाही गल्लीतला मेकॅनिक त्याला हात लावू शकतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे मागचे बोल्ट तुटतात, थंड असताना टकटक येते, तेवढं तपासा. हे ट्रक बरेचदा कंपन्यांच्या ताफ्यातून येतात म्हणून मैलांबरोबर इंजिनचे तास बघा. ९० हजार मैल आणि ६ हजार तास म्हणजे सरासरी १५ चा स्पीड, म्हणजे तो ट्रक आयुष्यभर उभा राहून चालू होता, ९० हजार मैलांपेक्षा त्याची झीज जास्त धरायची.

आता ट्रेलरबद्दल एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. फूड ट्रेलरमध्ये वजन दिवसभरात जागा बदलतं. सकाळी ताज्या पाण्याची टाकी भरलेली, संध्याकाळी ती रिकामी आणि खरकट्या पाण्याची भरलेली. ताजी टाकी पुढे आणि खरकट्याची मागच्या टोकाला असेल तर ३० गॅलन म्हणजे अडीचशे पौंड पुढून मागे गेले, टंग वेट हलकं झालं, आणि हलक्या टंगचा ट्रेलरच रस्त्यावर डुलायला लागतो. म्हणजे सकाळी जाताना छान आणि रात्री दमून घरी येताना धोका. अजून बनवायला दिलेला आहे ना, मग आत्ताच सांगा की दोन्ही टाक्या ॲक्सलच्या जवळ घ्या. जनरेटर, प्रोपेन पुढच्या दांड्यावर ठेवतात त्याने उलट टंग वेट फार वाढतं, तेही मोजायला लागेल. आणि फ्रायरमधलं गरम तेल घेऊन निघू नका, थंड करून झाकणाच्या डब्यात.

ट्रेलर हातात आला की पूर्ण भरून, कांदे-बटाट्यांच्या गोण्यांसकट, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर जा. पंधरा-वीस डॉलरमध्ये प्रत्येक ॲक्सलचं वजन छापून देतात. बनवणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. आणि धंद्यासाठी ट्रक आणि ट्रेलरचं रेटिंग मिळून १०,००१ पौंड किंवा जास्त असेल तर स्टेट लाइन ओलांडायला यूएस डॉट (केंद्राच्या वाहतूक खात्याचा) नंबर लागतो, तुमचं होणार आहे, तेव्हा साउथ कॅरोलायनात एखाद्या गणपतीच्या कार्यक्रमाला स्टॉल लावायला जायच्या आधी ते करून घ्या. स्टेटच्या आतले नियम आणि इन्शुरन्स कमर्शियल आहे का हे एजंटला लेखी विचारा.

प्रश्न (कोलंबस, ओहायो): २००८ ची टंड्रा ५.७, १ लाख ६० हजार मैल. मालक म्हणतो फ्रेम (खालचा लोखंडी सांगाडा) नुकतीच अंडरकोट केलीय, म्हणजे खालून कोटिंग मारलंय. शिवाय मागे एअरबॅग टाकल्यात म्हणून जास्त वजन घेते. खरं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं, नाही. या एअरबॅग म्हणजे मागच्या स्प्रिंगपाशी बसवलेल्या हवेच्या पिशव्या, त्यांनी ट्रकचा मागचा भाग वर उचलला जातो, पेलोड एक पौंडाने वाढत नाही, कारण ॲक्सल, टायर, ब्रेक तेच आहेत. उलट त्या का टाकायला लागल्या हे विचारा.

पहिल्या भागाने मला जास्त काळजी वाटली. टंड्राचं ५.७ इंजिन दणकट आहे, ३८१ हॉर्सपॉवर, टो पॅकेजमध्ये ४.३० चा ॲक्सल, आणि जे२८०७ च्या पद्धतीने रेटिंग सगळ्यात आधी टोयोटानेच द्यायला घेतलं, २०११ च्या टंड्रापासून. पण २००७-०८ ची टंड्रा आणि ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ हे जोडपं वाईट आहे. या वर्षांच्या फ्रेम गंजतात म्हणून टोयोटाला २०१६ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरच्या जवळपास जाणारा समझोता करायला लागला होता, त्यातली तपासणीची मुदत तुमच्या ट्रकसाठी केव्हाच संपली. विकायच्या आधी काळं ताजं कोटिंग मारणं म्हणजे भिंतीची ओल रंगाने झाकण्यासारखं.

जुने कपडे घालून, हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. मागच्या चाकांच्या वर, स्प्रिंग जिथे बसतात तिथे, आणि हिच रिसीव्हर फ्रेमला जिथे बोल्ट केलाय तिथे हातोडीने हलकं ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला किंवा पापुद्रे पडले तर किंमत विचारायचीच नाही, कारण ट्रेलरचा सगळा ओढा त्याच जागेवर येतो. ब्रेकच्या नळ्या बघा. थंड असताना चालू करा, एअर इंजेक्शन पंपचा कोड येतो का स्कॅनर लावून बघा, आणि नुकतेच कोड पुसलेत का तेही स्कॅनर सांगतो. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही छान दिसो, नवे टायर किमतीत धरा. व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसएच्या, म्हणजे सरकारच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या, साइटवर टाकून रिकॉल बघा, फुकट आहे.

आणि मालक लिफ्टवर घ्यायला नाही म्हणाला तर टेक्सास किंवा ॲरिझोनातला तसाच ट्रक शोधा. विमानाचं तिकीट आणि दोन दिवसांचा ड्राइव्ह, पण खाली गंज नसतो. तिथल्या विकणाऱ्याला हो म्हणायच्या आधी फ्रेमचे मागून आणि खालून काढलेले फोटो मागवा, आणि दारावरच्या पिवळ्या स्टिकरचाही. मला पाठवलेत तर मी बघून सांगतो.