सेल्फीत चेहरा ताठ आणि ओढूनताणून हसल्यासारखा का येतो, नॅचरल कसा काढायचा?

सगळ्यात आधी फोन लांब धरा, निम्मा प्रॉब्लेम तिथेच आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं होतं की १२ इंचावरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं, म्हणजे दोष तुमच्या चेहऱ्यात नाही, अंतरात आहे. म्हणून मी तर हातात धरतच नाही, फोन खिडकीच्या कठड्यावर नाहीतर पाण्याच्या बाटलीला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवते आणि १० सेकंदांचा टायमर लावते, हात मोकळे राहिले की खांदे आपोआप खाली येतात, त्याने खूप फरक पडतो खरंच.

उजेड खिडकीचा घ्या, तोंड खिडकीकडे. भर दुपारचं ऊन नको, डोळ्यांखाली काळं येतं आणि डोळे बारीक होतात ते वेगळंच.

आणि हसू धरून ठेवू नका, ते २-३ सेकंदांत शिळं होतं. डोळे मिटा, श्वास सोडा, क्लिकच्या जरा आधी उघडा. किंवा बर्स्ट मोड (एका दमात भराभर बरेच फोटो काढणारी सोय) लावून शेजारच्या मैत्रिणीशी चक्क गप्पा मारा, माझे चांगले फोटो सगळे असेच मधले आलेत.

बघायचं लेन्सकडे, स्क्रीनवरच्या स्वतःकडे नाही. सेव्ह झालेला फोटो विचित्र वाटला तर लगेच डिलीट करू नका हं, आपल्याला आरशातल्या उलट्या चेहऱ्याची सवय असते, इतरांना तुम्ही फोटोतल्यासारख्याच दिसता आणि त्यांना तो फोटो छानच वाटतो.